इआइदो बाईच्या अंगाने: म्यानापासून म्यानापर्यंत

इआइदोच्या वर्गात नव्या बाईला एक सूचना हमखास मिळते, “खांदे खाली.” ती घेते खाली. पुढच्या वेळी तलवार उपसताना ते पुन्हा कानाशी. मग, “ताकद लावू नका, सैल सोडा.” तरी तेच. मी हे वर्ष-दीड वर्ष ऐकलं आणि घरी आरशासमोर स्वतःवरच चिडत राहिले. दोष खांद्यांत नव्हताच. तलवार मला दीड-दोन इंच लांब होती, ओबी, म्हणजे कमरेचा कापडी पट्टा, चढून बरगड्यांखाली गेला होता आणि मूठ बोटांना जाड पडत होती. या तीन गोष्टी निस्तरल्या तसे खांदे कुणी न सांगता उतरले.

ज्यांना इआइदो ही जपानी तलवारकला नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: म्यानातली तलवार उपसता उपसताच पहिला वार करायचा, मग डोक्यावरून दुसरा, मग पात्यावरचं रक्त झटकल्याची हालचाल आणि तलवार परत म्यानात. समोर माणूस नसतो, तो मनात उभा करायचा असतो. या ठरलेल्या क्रमाला काता म्हणतात. अखिल जपान केंदो महासंघाचे प्रमाणित काता १२ आहेत. १९६९ मध्ये ७ ठरले, १९८० मध्ये ३ आणि २००० मध्ये २ वाढले. मी इथे पहिला काता, ‘माए’, धरून चालणार आहे. गुडघ्यांवर बसलेल्या स्थितीतून तो सुरू होतो आणि बाईच्या शरीराचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात एकापाठोपाठ येऊन जातात.

एक गोष्ट आधीच सांगते. काता बदलायचा नाही. पात्याची वाट, वाराची जागा, थांबण्याची उंची ठरलेलीच राहील. बदलायचं ते अवजाराचं माप, कपड्यांचं बांधणं आणि त्या ठरलेल्या जागी पोचण्यासाठी शरीराचा कोणता भाग आधी हलवायचा ते.

उंचीला दोष देऊ नका

“जपानी तलवार पुरुषांच्या मापाची” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता विचारते, कोणत्या पुरुषांच्या? एदो काळात (१६०३ ते १८६८) कमरेला लावायच्या तलवारीची नेहमीची लांबी २ शाकू ३ सुन ५ बु, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर मानली जाई. त्या काळातल्या जपानी पुरुषाची सरासरी उंची होती १५५ ते १५८ सेंटिमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या कितीतरी बायका तेवढ्या उंच आहेत.

मग तरीही मी आखूड तलवार का सुचवते? कारण तलवार उंचीने उपसली जात नाही. ती उपसली जाते हाताच्या लांबीने आणि दोन खांद्यांमधल्या अंतराने. सारख्याच उंचीच्या पुरुषापेक्षा बाईचे खांदे सरासरीने अरुंद असतात. उजवा हात पुढे आणि डावा हात म्यान घेऊन मागे, असे दोन्हीकडून मिळणारे सेंटिमीटर तिथे कमी पडतात. शिवाय सामुराई घरांतल्या मुली प्रामुख्याने नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं पातं, शिकत. १८६८ मध्ये आइझूच्या लढाईत बायकांची तुकडी घेऊन उतरलेली नाकानो ताकेको नागिनाताच घेऊन लढली आणि गोळी लागून पडली. तलवार शिकवताना वापरले जाणारे शब्द आणि खुणा पुरुषांच्या शरीरावर बेतलेल्या राहिल्या, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. आजच्या केंदोत, म्हणजे बांबूच्या तलवारीने दोघांत खेळल्या जाणाऱ्या जपानी तलवारबाजीत, मात्र हा फरक नियमातच धरलेला आहे: प्रौढांच्या स्पर्धेत शिनाईचं, म्हणजे त्या बांबूच्या तलवारीचं, किमान वजन पुरुषांना ५१० ग्रॅम, बायकांना ४४० ग्रॅम. इआइदोत असा वेगळा आकडा नाही. तिथे आपलं माप आपणच काढायचं.

पहिली पायरी: तलवारीचं माप

सरावाची तलवार म्हणजे इआइतो. तिचं पातं जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, बिनधारेचं असतं. पण टोक टोकच असतं, त्यामुळे बेफिकिरी नको. लांबी शाकूत सांगतात. १ शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. सुरुवातीचा अंदाज म्हणून १५० सेंटिमीटर उंचीला २.२ शाकू (६६.७ सेंमी), १५५ ला २.२५ (६८.२ सेंमी), १६० ला २.३ (६९.७ सेंमी) आणि १६५ ला २.३५ (७१.२ सेंमी) धरा. हा फक्त अंदाज. विकत घेण्याआधी कुणाची तरी तलवार मागून दोन चाचण्या करा.

पहिली सोपी आहे. सरळ उभं राहून उजव्या हातात तलवारीची मूठ धरा आणि हात सैल सोडा. टोक जमिनीला लागत असेल तर तलवार लांब आहे. ते जमिनीपासून थोडं वर तरंगलं पाहिजे.

दुसरी चाचणी जास्त खरी आणि ती कुणी फारसं करायला लावत नाही. तलवार म्यानात ठेवण्याच्या स्थितीत या: डाव्या हाताने म्यानाचं तोंड धरलेलं, पात्याची पाठ त्या हातावरून सरकतेय, उजवा हात पुढे जातोय. टोक म्यानाच्या तोंडात पडायच्या क्षणी थांबा आणि शरीर बघा. उजवा खांदा पुढे खेचला गेलाय का? मान डावीकडे कललीय का? डोळे खाली गेलेत का? यातलं काहीही झालं असेल तर तलवार अर्ध्या सुनाने तरी लहान घ्या. अर्धा सुन म्हणजे दीड सेंटिमीटर. हास्यास्पद वाटतं, पण ब्लाउजच्या बाहीत दीड सेंटिमीटर कमी पडलं तर काय होतं ते आठवा.

वजनाच्या बाबतीत माझं मत दुकानदारांच्या सल्ल्याच्या उलट आहे. बाई म्हटलं की ते सर्वांत हलकी इआइतो पुढे करतात. फार हलकं पातं हाताने फिरवता येतं, म्हणून हातच फिरवत राहतात आणि कंबर झोपून राहते. त्यात पात्याला खोल खाच असली की थोड्याशा वेगानेही ‘श्शू’ असा सुंदर आवाज येतो आणि आपल्याला वाटतं, वाह, काय वार झाला! १५५ सेंटिमीटरच्या आसपास उंची असेल तर म्यानाशिवाय ७०० ते ८०० ग्रॅमची तलवार साधारण झेपते. जड वाटली तर आधी तोल बघा: वजन टोकाकडे सरकलेलं असेल तर ७०० ग्रॅमही मनगटं तोडतं.

मुठीची लांबी बहुतेक वेळा २४ ते २६ सेंटिमीटर असते. तलवार त्सुबाजवळ म्हणजे मुठीवरच्या गोल चकतीजवळ धरली, तर मुठीचं टोक कोपराच्या खळगीत बसावं. त्याहून लांब मूठ उपसताना पोटाला अडते. जाडीकडे कुणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते तिथेच बायकांच्या मनगटांची वाट लागते. डाव्या हाताने मूठ धरल्यावर करंगळी आणि अनामिकेची टोकं तळहाताला जवळपास टेकली पाहिजेत. बोटं उघडी राहात असतील तर पकड अंगठा आणि तर्जनीवर जाते, तिथून ताण मनगटावर, कोपरावर आणि शेवटी पुन्हा त्या बदनाम खांद्यांवर. मागणीनुसार मूठ बारीक करून देतात. थोडे जास्त पैसे पडतात, द्या.

इतक्यात इआइतो नको असेल तर प्लॅस्टिकच्या म्यानासह मिळणारा बोकुतो, म्हणजे लाकडी तलवार, पहिल्या सहा महिन्यांना पुरतो. परदेशातून इआइतो मागवणार असाल तर कस्टम्स आणि शस्त्रांबाबतच्या नियमांची चौकशी पैसे भरण्याआधी करा.

दुसरी पायरी: ओबी, हाकामा आणि अंगावरचे दागिने

तलवार ओबीच्या थरांत खोचलेली असते, म्हणून ओबी कुठे बसतो यावर पुढचं सगळं ठरतं. पुरुष तो पोटाखाली, कमरेच्या हाडांवर बांधतो आणि तो तिथेच राहतो. बाईची कंबर बारीक आणि खालचा भाग रुंद, त्यामुळे ओबी दहा मिनिटांत वर सरकून सर्वांत बारीक जागी जाऊन बसतो. परकराची नाडी तिथेच बसते म्हणून आपल्याला ते ओळखीचं वाटतं, आणि फसगत होते. ओबी वर गेला की मूठ छातीजवळ येते, उपसायला कोपर वर न्यावं लागतं, आणि खांदे… पुढचं माहीत आहे.

उपाय किमोनो नेसवणाऱ्या जपानी बायकांकडूनच उचलायचा. त्या कमरेच्या खळग्यात दुमडलेला टॉवेल बांधतात, म्हणजे अंग सरळ नळीसारखं होतं. एक पातळ पंचा लांबट घडी घालून कमरेच्या मागच्या आणि बाजूच्या खळग्यात ठेवा, त्यावर ओबी. पहिला फेरा पुढून कमरेच्या हाडांच्या टोकांना धरून, बेंबीच्या तीन-चार बोटं खाली घट्ट घ्या. पुढचे फेरे थोडे सैल चालतात. ओबी पुढे खाली आणि मागे किंचित वर असला पाहिजे. बांधून झाल्यावर पाच वेळा खाली बसून उठा. वर सरकला तर पुन्हा बांधा.

छातीसाठी घट्ट, बिनहुकाचा स्पोर्ट्स ब्रा हवा. मागे हूक असेल तर फुरिकाबुरीत, म्हणजे तलवार डोक्यावर नेताना, तो टोचतो. केइकोगीची, म्हणजे वरच्या जाड अंगरख्याची, पुढची कड दर दोन वारांनी उघडत असेल तर आतून एक टिचबटण लावून टाका. आत साधा पांढरा टी-शर्ट घालायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. जोडवी. माएमध्ये उठताना पायाची बोटं मुडपून चवड्यांवर यावं लागतं आणि त्या क्षणी जोडवी शेजारच्या बोटात रुततात. ती काढा, घरी ज्यांना उत्तर द्यायचं त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. बांगड्यांनी म्यानाच्या रोगणावर ओरखडे येतात आणि काचेच्या असतील तर फुटून हातात जातात. मंगळसूत्र केइकोगीच्या आत, टी-शर्टाखाली, किंवा पिशवीत. अंबाडा मानेशी, खाली बांधा; उंच अंबाड्याला डोक्यामागे नेलेली मूठ अडते.

तिसरी पायरी: बसणं आणि उठणं

सेइझा म्हणजे टाचांवर बसणं. जेवायला मांडी घालून बसणाऱ्या घरांतही हे सहज जमतंच असं नाही. जपानी शिष्टाचारात बायका गुडघे जुळवून बसतात, पण इआइदोत ते जुळवू नका. गुडघे पूर्ण जुळले की पुढच्या हालचालीत आधी ते उघडावे लागतात आणि समोरच्याला तुमचा इरादा कळतो. मुठीएवढं ते दोन मुठींएवढं अंतर ठेवा.

खरा धोका उठताना आहे. बाईचं ओटीपोटाचं हाड रुंद, त्यामुळे मांडीचं हाड गुडघ्याकडे जास्त तिरकं येतं. उजवं पाऊल पुढे टाकून वजन घेताना गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. एक-दोनदा काही होत नाही. आठवड्याला दोनशे वेळा झालं की गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू होतो. कसोटी अशी: पाऊल टेकल्यावर वरून बघा, गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या सरळ रेषेत दिसली पाहिजे. अंगठ्याच्या आत गेलेली दिसली तर तलवार खाली ठेवा आणि नुसतं पाऊल टाकण्याचा सराव करा, रोज दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, भिंतीचा आधार घेऊन. पाऊल फार पुढे टाकण्याची हौस आधी सोडा. नडगी उभी राहील एवढंच.

फरशीवर सराव करावा लागत असेल तर हाकामाच्या, म्हणजे कमरेखालच्या घोळदार पोशाखाच्या, आत गुडघ्याचे पॅड बांधा, त्यात कमीपणा नाही. आणि गुडघे आधीच दुखरे असतील तर हे लक्षात ठेवा: १२ पैकी पहिले तीन सेइझातून आणि चौथा एक गुडघा उभा ठेवून केला जातो, उरलेले आठ उभ्याने आहेत.

चौथी पायरी: उपसणं

इथे सर्वांत जास्त वेळ घाला. निदान मी तरी घातला.

पुरुषाला “उजव्या हाताने उपसा” असं सांगितलं तर त्याचं काम भागून जातं, कारण लांब हात उरलेलं सगळं झाकतो. बाईने हे वाक्य विसरून जावं. तलवार तीन गोष्टींनी बाहेर येते: मूठ पुढे जाते, म्यान मागे जातं, कंबर वळते. सुरुवातीला प्रत्येकीचा वाटा सारखा धरा आणि सरावात मुद्दाम शेवटच्या दोन आधी शिका.

प्रयोग करून बघा. उजव्या हाताने मूठ धरा आणि तो हात जागेवर गोठवून ठेवा. आता फक्त डाव्या हाताने म्यान मागे ओढा आणि डावी बाजू मागे वळवा. पातं किती बाहेर आलं? बहुतेक जणींना आश्चर्य वाटतं. ही ओढ म्हणजे सायाबिकी. ओढताना डावं कोपर बाहेर फाकलं तर म्यान कमरेच्या हाडावर अडकतं. कोपर पाठीमागे, मणक्याकडे न्यायचं आणि करंगळी ओबीला घासत गेली पाहिजे.

मग उजवा हात. मूठ वर उचलून उपसली की पुढचा हात छातीला घासतो, आणि ते टाळायला खांदा आपोआप उठतो. म्हणून मूठ आधी वर नेऊ नका. मुठीचं टोक समोरच्याच्या पोटाकडे, छातीच्या खालून, सरळ पुढे ढकला. पाटा-वरवंट्यावर वरवंटा पुढे जातो तसं, मनगटाच्या जोराने नव्हे, अंगाच्या भाराने. पातं जवळजवळ सगळं बाहेर आल्यावर, टोक म्यानाच्या तोंडाशी असतानाच म्यान आडवं होतं, डावी कंबर मागे जाते आणि पातं सुटतं. पहिला वार समोरच्याच्या कानशिलांच्या पातळीवर. तो समोरचा तुमच्याच उंचीचा धरा. सहा फुटी माणूस मनात उभा केलात तर वार वर जाईल आणि ‘खांदे खाली’ची सूचना परत ऐकावी लागेल.

मोठी छाती असलेल्या जणींना “कोपरं आत घ्या” ही सूचना जाचते. दोन्ही कोपरं एकमेकांकडे दाबली की छाती मध्ये येते, श्वास अडतो. त्याऐवजी कोपरं खाली आणि किंचित पुढे सोडा. बाहेरून बघणाऱ्याला तेच दिसतं.

पाचवी पायरी: डोक्यावरून वार

फुरिकाबुरीत तलवार वर जाताना बायकांच्या पाठीची कमान वाढते. सांधे लवचिक असतात, म्हणून मागे वाकणं सोपं जातं आणि दिसायलाही छान दिसतं. त्यात कंबर मरते. बरगड्यांचा खालचा कोपरा ओटीपोटाकडे खेचून ठेवा, हसू दाबताना पोट आवळतं तसं. पात्याचं टोक डोक्यामागे आडव्या पातळीच्या खाली जाऊ देऊ नका.

वार उतरताना दुसरा लवचिकपणा नडतो, तो कोपराचा. बऱ्याच बायकांची कोपरं सरळ रेषेच्याही थोडी पलीकडे, उलटी वाकतात. वाराच्या शेवटी ती खाडकन कुलूप लागल्यासारखी थांबली की झटका सांध्यात जातो. कोपरं सरळ होण्याच्या एक केस अलीकडे थांबवा. वार थांबवायचं काम कोपराचं नाहीच, ते बोटांचं आणि पोटाचं. जपानीत या पकडीची उपमा चहाचं फडकं पिळण्याची देतात. आपल्याकडे ती समजावून सांगावी लागत नाही: साडी पिळताना दोन्ही मनगटं आत वळतात, करंगळ्या आवळतात आणि अंगठे नुसते सोबतीला असतात. अगदी तेच, फक्त वाराच्या शेवटच्या क्षणी, आणि लगेच सैल. ओला पंचा गुंडाळून दहा वेळा असा पिळणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त व्यायाम आहे.

सरासरी बाईची वरच्या अंगाची ताकद पुरुषाच्या साधारण अर्ध्यापासून साठ टक्क्यांपर्यंत असते. पायांत हा फरक बराच कमी. म्हणून वार पायांतून आणायचा. मागच्या पायाचा चवडा जमीन ढकलतो, ओटीपोट पुढे येतं, मग हात. पहिल्या महिन्यात रोज वीस वार पुरेत. एकविसावा वार खांद्याने होतोय असं वाटलं की तिथेच थांबा.

ज्या दिवसांबद्दल वर्गात कुणी बोलत नाही

पाळीच्या दिवसांत ओबीचा दाब सहन होत नसेल तर पहिला फेरा आणखी खाली, थेट हाडांवर घ्या आणि उभ्याने करायचे काते करा. गडद निळा किंवा काळा हाकामा असतो, ही एक चिंता तरी कमी. गरोदरपणात सांधे सैल होतात आणि तोल पुढे सरकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव नको, आणि परवानगी मिळाली तरी गुडघ्यांवरून झटकन उठणं टाळा. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सावरेपर्यंत वार हळूच.

शिक्षक पुरुष असेल आणि कंबर किंवा छातीजवळची चूक दाखवायची असेल, तर हाताऐवजी बोकुतोच्या टोकाने दाखवा असं सांगायला लाजू नका. चांगल्या शिक्षकाला ते आधीच सुचलेलं असतं.

शेवटी नोतो

तलवार म्यानात घालणं म्हणजे नोतो. डावा हात लहान असेल तर म्यानाच्या तोंडावर अंगठा आणि तर्जनी मिळून होणारी खाच अरुंद पडते आणि पातं घसरून अंगठ्याच्या बेचक्यात जाऊ शकतं. बिनधारेच्या पात्याने ओरखडा येतो; धारदार पात्याने बोट जातं. बोटांची टोकं म्यानाच्या कडेच्या वर डोकावू देऊ नका. आखूड हातांना इथेही म्यानच मदत करतं: टोक आत पडायच्या आधी डावी कंबर उघडून म्यान मागे न्या आणि पातं आत जाऊ लागलं की म्यान पुढे आणून त्याला भेटवा.

मोबाइल डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून दहा नोतो चित्रित करा. आवाज बंद करून बघा आणि फक्त उजव्या खांद्याच्या शिवणीवर नजर ठेवा. टोक आत पडताना ती शिवण हलली, तर पहिल्या पायरीतली दुसरी चाचणी पुन्हा करा.